कानांनाही जपा, मैत्रिणींनो!

आमच्या इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला. आता गावाला खडखडाटाची इतकी सवय झालीय, की माग थांबले तरच दचकायला होतं! आमच्या गल्लीतल्या बऱ्याच जणी कांडी भरायला जातात. त्या मोठ्यानं बोलतात आणि ऐकताना समोरच्याच्या ओठांकडे बघतात. ‘आवाज येतो गं, पण शब्द कळत नाहीत,’ असं एक काकू परवा म्हणाल्या. सून मुद्दाम पुटपुटते, असा त्यांचा समज!

दोष सुनेचा नाही. आतल्या कानात केसांसारख्या बारीक पेशी असतात. रोजच्या मोठ्या आवाजानं त्या मरतात आणि पुन्हा येत नाहीत. आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात, म्हणून ‘स’, ‘श’, ‘त’ निसटतात.

तज्ज्ञांच्या मते ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास, ८८ चा चार तास आणि ९१ चा फक्त दोन तास सोसावा. मागाच्या शेडमध्ये तो बहुधा ९० च्या वरच असतो. हातभर अंतरावरच्या बाईशी ओरडून बोलावं लागलं, की धोका समजा.

कापसाचा बोळा पुरत नाही. औषधाच्या दुकानात फोमचे इअरप्लग मिळतात. हात धुऊन प्लग बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हातानं कान वर आणि मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि अर्धा मिनिट दाबून धरा. नीट बसला, की स्वतःचा आवाज घुमल्यासारखा वाटतो. कानावरचे इअरमफ घालायला सोपे, पण उकाड्यात घाम येतो. आणि मध्ये पदर, चष्म्याची काडी किंवा झुबे आले, तर फटीतून आवाज शिरतो. काहीही वापरा, पण पाळीभर वापरा. मधला अर्धा तास काढून ठेवलं, तरी बराच फायदा वाया जातो.

मळलेला फोम टाकून द्या. सिलिकॉनचे प्लग साबणानं धुऊन वाळवा. कानात तेल, पिन, काडी नको. कान वाहत असेल तर प्लग न घालता आधी डॉक्टरांकडे जा. कामावरून आल्यावर कानात गुंई वाजत राहिलं तर दुर्लक्ष करू नका. वर्षातून एकदा ऑडिओमेट्री करून घ्या.

आणि हो, प्लग मालकाकडे मागायला लाजू नका. चौघी मिळून गेलात, तर मागणं सोपं जातं. गेलेलं ऐकणं परत येत नाही, राहिलेलं मात्र नक्की जपता येतं!