काष्ठस्तंभ आणि कुळाची स्मृती

उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील आदिवासींचे काष्ठस्तंभ म्हणजे त्यांच्या दैवतांच्या मूर्ती, हा समज मिशनऱ्यांच्या काळापासून रूढ आहे. वस्तुतः या स्तंभांची पूजा होत नाही. स्तंभ हा कुळाचा लेख होय. कोणत्या पूर्वजास कोणता अनुभव आला आणि त्यायोगे कुळास कोणते चिन्ह व कोणते नाव प्राप्त झाले, हे त्यावर कोरलेले असते. मात्र हा लेख स्वतः बोलत नाही. स्तंभ उभारताना ‘पॉटलॅच’ नावाचा समारंभ होतो. यजमान कथा सांगून भेटी वाटतो, आणि भेट स्वीकारणारा प्रत्येक पाहुणा कुळाच्या हक्काचा साक्षी ठरतो. कॅनडात १८८५ ते १९५१ या काळात पॉटलॅचवर कायद्याने बंदी होती. ती मुख्यतः या साक्षीवरच घातलेली होती, असे म्हणावे लागते.

हायस्ला जमातीतील ग्प्सगोलोक्स या प्रमुखाचा स्तंभ या दृष्टीने उद्बोधक आहे. रोगाच्या साथीत आप्तस्वकीय गमावलेल्या या प्रमुखास अरण्यात एका आत्म्याने दर्शन देऊन सांत्वन केले, अशी कथा आहे. तिच्या स्मरणार्थ १८७२ मध्ये सुमारे नऊ मीटर उंचीचा स्तंभ मिस्कुसा येथे उभा राहिला. त्याचे लाकूड तांबड्या सीडरचे. (हा वृक्ष आपल्या हिमालयातील देवदार नव्हे.) १९२९ मध्ये तो तोडून स्वीडनला नेण्यात आला, व १९९१ मध्ये तो स्टॉकहोमच्या संग्रहालयात असल्याचे हायस्लांना कळले.

त्यांनी तो परत मागितला तेव्हा, तो नियंत्रित हवामानाच्या इमारतीत जतन करावा, अशी अट संग्रहालयाने घातली. येथेच खरा तात्त्विक पेच आहे. परंपरेनुसार स्तंभ झुकतो, पडतो व मातीस मिळतो. त्यास कोणी टेकू देत नाही. गरज पडल्यास कुळ नवा स्तंभ कोरते आणि त्यासाठी कथा पुन्हा सर्वांसमक्ष सांगावी लागते. अक्षय लाकडाने हे बंधन उरले नसते. संग्रहालयाच्या लेखी १८७२ चे लाकूड हीच मूळ वस्तू. हायस्लांच्या लेखी मूळ आहे तो कथा सांगण्याचा अधिकार, आणि माझ्या मते त्यांचीच व्याख्या अधिक शास्त्रशुद्ध आहे.

२००० मध्ये हायस्ला कारागिरांनी दोन प्रतिकृती कोरल्या. एक मिस्कुसा येथे उभारली, दुसरी स्टॉकहोमच्या संग्रहालयास भेट दिली. मूळ स्तंभ २००६ मध्ये स्वदेशी परतला.