बाळाने पोटातच शी केली तर

पाणमोट फुटल्यावर पाणी हिरवट दिसले, तर बाळाने पोटातच पहिली शी केली असे समजावे. दिवस उलटून गेलेल्या बाळंतपणात हे अधिक आढळते. बहुतेक बाळे सुखरूप असतात; परंतु काहींच्या श्वासाबरोबर ती घाण फुप्फुसांत जाते. श्वासमार्ग तुंबतात, सूज येते आणि बाळ कण्हत, छाती आत ओढत भराभर श्वास घेते.

पूर्वी डॉक्टर अशा बाळांचा घसा व श्वासनलिका नळीने ओढून साफ करीत. २०१५ पासूनच्या मार्गदर्शनानुसार सुस्त बाळाचीही श्वासनलिका सरसकट साफ करीत नाहीत. बाळ रडले नाही तर त्याला कोरडे व उबदार करून पहिल्या मिनिटातच मास्क लावून श्वास देतात. पुढे प्राणवायू व गरज पडल्यास श्वासयंत्र.

नांदगावहून नाशिक सुमारे शंभर किलोमीटर. म्हणून भगिनींनो, आम्ही कळकळीने सांगतो : हिरवे पाणी दिसताच कळांची वाट पाहू नका, घरी बाळाच्या तोंडात बोट घालू नका. १०८ ला फोन करा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार २०११ पासून सरकारी रुग्णालयात बाळंतपण व आजारी नवजाताचा उपचार मोफत आहे. तो आपला हक्क आहे.