रीबूट मारण्याआधी

सकाळी ८.१५. बंगळुरू मेट्रोच्या पर्पल लाइनने पट्टंदूर अग्रहारला उतरतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये ही लाइन सलग सुरू झाली, तेव्हापासून व्हाइटफील्डला वेळेवर पोचता येतं. ऑफिस भरायच्या आत सगळे अ‍ॅक्सेस पॉइंट निवांत बघून होतात.

९.३०. तिसऱ्या मजल्यावरून तक्रार आली: वायफाय जोडलं जातं, पण काही उघडत नाही. बेळगावहून नुकतीच रुजू झालेली ज्युनिअर विचारते, "दादा, रीबूट मारू का?"

"थांब. आधी आत शिरून बघ."

आमचे अ‍ॅक्सेस पॉइंट ओपनडब्ल्यूआरटीवर चालतात. त्यांचा लॉग रॅममध्ये राहतो. रीबूट केलं की तो पुसला जातो आणि बिघाडाचा माग तिथेच संपतो. पाच मिनिटांसाठी वायफाय सुरू झालं म्हणून दुरुस्ती झाली असं मी मानत नाही.

९.४०. एसएसएचने शिरून तिने 'टॉप' चालवलं. टाइप केलेलं अक्षरही उशिरा उमटत होतं. स्क्रीनवर आधी मेमरी, मग सीपीयू, मग लोड, आणि खाली चालू कामांची यादी. मेमरी पुरेशी मोकळी होती. पासवर्ड तपासून लोकांना आत घेणारा 'हॉस्टएपीडी' 'एस' स्थितीत, म्हणजे काम येईपर्यंत झोपलेला. यादीत सगळ्यात वर मात्र चौकोनी कंसातलं नाव: 'केसॉफ्टआयआरक्यूडी'. असा कंस दिसला की ते कर्नलचं स्वतःचं काम समजायचं. ते 'किल' करून थांबत नाही. सीपीयूच्या ओळीत 'एसआयआरक्यू', म्हणजे पॅकेटं हाताळण्यासारख्या कर्नलच्या कामांचा वेळ, चढलेला आणि 'आयडल', म्हणजे रिकामा वेळ, शून्यावर. कुठला प्रोग्रॅम अडकलेला नव्हता, पॅकेटचा लोंढा येत होता.

१०.००. कुठून येतोय? 'प्रॉक'मधले नेटवर्कचे आकडे दोनदा वाचले. ईथरनेटच्या बाजूने आत येणारी पॅकेटं सुसाट वाढत होती. 'टीसीपीडंप'मध्ये त्याच त्या ब्रॉडकास्ट फ्रेम. वायफायवर ब्रॉडकास्ट सहसा सगळ्यात कमी वेगाने जातो, त्यामुळे हवेतला सगळा वेळ तोच खातो. वायरच्या माणसाला जे जड जातं, ते वायफायवाल्याला साफ बसवतं.

तिसऱ्या मजल्यावर एका टेबलाखाली छोटा स्विच सापडला. एकाच केबलची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये खोचलेली, म्हणजे लूप. केबल उपसली आणि 'आयडल' वर चढला.

दुपार तिकिटांत आणि मीटिंगांत गेली. चार वाजता वायरवाल्या टीमला सांगून त्या मजल्याच्या पोर्टांवर लूप अडवणारी सेटिंग लावून घेतली.

५.३०. ज्युनिअर विचारते, "लोड दोन दिसला तर वाईट ना?"

"कोअर किती आहेत ते आधी बघ. चार असतील तर दोनने काही बिघडत नाही. एकच असेल तर रांग लागलीय."

मग तिने अ‍ॅक्सेस पॉइंटच्या प्रत्येक मॉडेलचं 'टॉप' आणि 'फ्री' फाइलमध्ये साठवून ठेवलं. तुमच्याकडे हे काम असेल, तर सगळं सुरळीत चाललेल्या दिवशीच हे आकडे टिपून ठेवा. बिघाडाच्या दिवशी ताडून बघायला दुसरं काही हाताशी नसतं.