वारा पडला तरी लाटा पडत नाहीत

रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या मराठी घरांतून समुद्र पाहायला निघायचं म्हणजे पुरी, नाहीतर विशाखापट्टणम. दोन्ही पाचशे किलोमीटरच्या आसपास. आपल्याला हवेचा अंदाज आभाळाकडे पाहून घ्यायची सवय, आणि किनाऱ्यावर नेमकी तीच सवय जिवावर बेतू शकते.

गैरसमज: वारा नाही, ऊन स्वच्छ आहे, म्हणजे समुद्र शांत.

जवळचा वारा उठवतो त्या बारक्या, पाठोपाठ येणाऱ्या लाटा. वारा पडला की त्या विरतात आणि पाणी गुळगुळीत दिसतं. पण अशा शांत दिवशीही येणाऱ्या मोठ्या लाटा बहुधा इथल्या नसतातच. हिंदी महासागराच्या पार दक्षिणेला, ४० अंश दक्षिण अक्षांशाच्याही खाली, वादळी वाऱ्यात त्या जन्मतात. दर १६ सेकंदांनी येणाऱ्या अशा लाटांचा ताफा खोल पाण्यातून ताशी सुमारे ४५ किलोमीटर वेगाने, म्हणजे दिवसाला हजारभर किलोमीटर सरकतो. ओडिशाच्या किनाऱ्याला यायला त्याला आठवडा लागतो. एव्हाना ते वादळ संपलेलंही असतं. समुद्रशास्त्रज्ञ वॉल्टर मंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये अशाच दक्षिणेकडच्या लाटांचा माग न्यूझीलंडपासून थेट अलास्कापर्यंत काढला होता.

भर समुद्रात या लाटा ठेंगण्या आणि लांबलचक असतात, नजरेत भरत नाहीत. उथळ पाण्यात त्यांचा वेग घटतो, उंची वाढते आणि त्या जोराने फुटतात. मोठ्या लाटांचा घोळका अधूनमधूनच येत असल्याने दोन मिनिटं पाहून पाण्यात उतरणारा माणूस हमखास फसतो. पंधरा-वीस मिनिटं तरी काठावर उभं राहून पाहावं. सर्फिंग करणाऱ्यांना तर निवांत सकाळच हवी असते, कारण तेव्हा लाटेचा पृष्ठभाग तुटत नाही. दुपारी समुद्राकडून वारा सुटला की हा पृष्ठभाग खडबडीत होतो.

केरळच्या किनाऱ्यावर अशा अचानक चढणाऱ्या समुद्राला ‘कल्लक्कडल’ म्हणतात. एप्रिल-मे हा त्याचा मुख्य काळ, म्हणजे नेमका आपल्या सुट्ट्यांचा. मे २०२४ मध्ये हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या सागरी माहिती संस्थेने त्याचा इशारा दिला होता. तरीही ६ मे रोजी कन्याकुमारी जिल्ह्यात वैद्यकीय शिक्षण घेणारी पाच तरुण मुलं बुडाली. असा इशारा सगळ्यांसाठी खुला असतो. प्रवासाला निघताना रेल्वेची वेळ पाहतो तसा तो पाहायलाच हवा.

गैरसमज: पौर्णिमा-अमावास्येलाच धोका.

चंद्रामुळे भरती-ओहोटीचा फरक वाढतो, लाटा नाहीत. भरतीमुळे लाट फुटण्याची जागा मात्र बदलते. दूरच्या लाटा तिथी पाहून येत नाहीत.

गैरसमज: लाटा फुटत नाहीत ती जागा पोहायला सर्वांत चांगली.

सर्वांत घातक समज हाच. लाटांनी काठावर आणून टाकलेलं पाणी परत जाताना एखाद्या खोलगट वाटेने समुद्राकडे धावतं. पाणी खोल असल्यामुळे तिथे लाट फुटत नाही, म्हणून दोन्ही बाजूंना फेस आणि मधे शांत पट्टा दिसतो. हा प्रवाह माणसाला खाली खेचत नाही, आत नेतो. त्याच्या विरुद्ध पोहत राहिल्याने चांगले पोहणारेही दमून बुडतात. पुरीत पाण्यात उतरण्याआधी नुलिया (कोळी) जीवरक्षकांना विचारावं, या वाटा त्यांना रोज दिसतात. अशा प्रवाहात सापडलात तर किनाऱ्याला समांतर पोहत बाजूला व्हा आणि लाटा फुटताना दिसतील तिथून परत या. पोहण्याचं बळ उरलं नसेल, तर नुसतं तरंगत राहा आणि हात उंच करून मदत मागा.