सरडगुहिऱ्याचा मिटलेला डोळा

सरडगुहिरा हवेवर जगतो, अशी समजूत युरोपात शतकानुशतके रूढ होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी याने तसे लिहून ठेवले आणि पुढील पिढ्यांनी ते निमूटपणे स्वीकारले. १६४६ साली इंग्रज वैद्य टॉमस ब्राउन याने लोकभ्रमांवरील आपल्या ग्रंथात या समजुतीचा परामर्श घेतला. ज्या प्राण्याला दात, जीभ आणि जठर आहे, तो केवळ हवेवर कसा जगेल, असा त्याच्या युक्तिवादाचा रोख होता. मात्र या भ्रमामागे खऱ्या निरीक्षणाचा एक अंश होता. सरडगुहिरा तासन्‌तास फांदीवर निश्चल बसतो. त्याचे खाणे क्षणार्धात आटोपते, आणि पिंजऱ्यात ठेवला असता तो कित्येक दिवस अन्नाला शिवत नाही. आज अमेरिकेत व युरोपात हा प्राणी हौसेने पाळणाऱ्यांना याच गोष्टीची चिंता पडते. प्राणी दिवसाढवळ्या डोळे मिटून बसतो आणि समोर ठेवलेल्या किड्यांकडे पाहत नाही. डोळ्याचे दुखणे आणि अन्नावरील वासना उडणे ही दोन लक्षणे बहुधा एकत्रच आढळतात. असे का होते, हे समजण्यासाठी प्रथम या प्राण्याची शरीररचना पाहिली पाहिजे.

डोळा आणि जीभ यांचे नाते

शॅमेलिऑन या इंग्रजी नावाने ओळखल्या जाणाऱ्या या सरड्याला मराठीत सरडगुहिरा, तर काही भागांत घोयरा म्हणतात. याच्या बहुतेक जाती आफ्रिका खंडात व मादागास्कर बेटावर आढळतात. पाळण्यासाठी सर्वाधिक पसंत केली जाते ती डोक्यावर उंच तुरा असलेली येमेन व नैर्ऋत्य सौदी अरेबियातील जात.

सरडगुहिऱ्याच्या पापण्या एकमेकींना जुळून शंकूच्या आकाराच्या झालेल्या असतात. मध्ये बाहुलीपुरतेच छोटे छिद्र उघडे असते. हे दोन शंकू स्वतंत्रपणे फिरतात. एक डोळा पुढे पाहत असता दुसरा मागचा धोका न्याहाळू शकतो. भक्ष्य दिसले की मात्र दोन्ही डोळे त्याच्यावर खिळतात आणि मग जीभ सुटते. ही जीभ धडाच्या लांबीच्या दीडदोन पट लांब जाऊ शकते व सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळात भक्ष्यापर्यंत पोहोचते. साहजिकच भक्ष्य किती दूर आहे याचा अंदाज अचूक असावा लागतो.

हा अंदाज कसा घेतला जातो, याचा उलगडा १९७७ साली लिंडसे हार्कनेस या संशोधिकेने केला. तिने सरडगुहिऱ्यांच्या डोळ्यांपुढे चष्म्याची भिंगे बसविली, तेव्हा जिभेचा नेम चुकू लागला. यावरून असे दिसून आले की, वस्तू स्पष्ट दिसण्यासाठी डोळ्यातील भिंग किती जुळवून घ्यावे लागते, त्यावरून हा प्राणी अंतर ओळखतो. छायाचित्रकार कॅमेऱ्याचे भिंग फिरवून अंतर ठरवितो, त्यासारखीच ही रीत आहे. १९९५ साली मथियास ऑट आणि फ्रँक शेफेल यांनी दाखवून दिले की, सरडगुहिऱ्याच्या डोळ्यातील भिंग इतर पृष्ठवंशी प्राण्यांप्रमाणे किरण एकवटणारे नसून ते फाकविणारे असते. या रचनेमुळे दृष्टिपटलावर मोठी व रेखीव प्रतिमा पडते.

या सर्वांचा अर्थ सरळ आहे. कुत्रा आंधळा झाला तरी वासाने अन्न शोधतो. सरडगुहिऱ्याला तसे करता येत नाही. एक डोळा अधू झाला तर दुसऱ्याच्या आधारे तो काही काळ शिकार करू शकतो. दोन्ही मिटले की समोर अन्न असूनही उपासमार सुरू होते. उपासाने अशक्तपणा येतो, अशक्तपणाने डोळे अधिकच मिटतात, आणि हे चक्र थोड्याच दिवसांत प्राण्याचा जीव घेऊ शकते.

मिटलेला डोळा काय सांगतो?

निरोगी सरडगुहिरा रात्री डोळे मिटून झोपतो. दिवसा त्याचे डोळे सतत फिरत असतात. म्हणून दिवसा वारंवार वा दीर्घकाळ मिटलेले डोळे हे आजाराचे लक्षण समजले पाहिजे. हा आजार डोळ्यातच असेल असे मात्र नाही. पुष्कळदा मूळ कारण पाणी, प्रकाश किंवा आहार यांत असते. म्हणून तपासणीचा क्रम बाहेरून आत असा ठेवणे इष्ट.

पहिला प्रश्न पाण्याचा. निसर्गात सरडगुहिरा पानांवरचे दव व पावसाचे थेंब चाटतो. वाटीतील स्थिर पाणी बहुधा त्याच्या ध्यानातच येत नाही. त्यामुळे भरलेली वाटी शेजारी असूनही तो तहानलेला राहू शकतो. अशा वेळी डोळ्यांचे शंकू खोल गेलेले दिसतात आणि विष्ठेबरोबर पडणारा मूत्राम्लाचा भाग पांढरा न राहता पिवळा किंवा नारिंगी होतो. यावर उपाय म्हणजे दिवसातून काही वेळा पानांवर पाण्याचे बारीक तुषार उडविणे व एखादे ठिबकते भांडे टांगून ठेवणे. तुषारांचा आणखी एक उपयोग होतो. अंगावर पाणी पडू लागले की हा प्राणी डोळे फुगवून गरगर फिरवितो आणि आत गेलेला कण धुऊन काढतो. धुळीचा कण, कात टाकताना अडकलेला कातडीचा तुकडा किंवा झाडाचा चीक यामुळे एकच डोळा मिटला असेल, तर कित्येकदा कोमट पाण्याच्या दीर्घ तुषारांनीच तो उघडतो.

दुसरा प्रश्न प्रकाशाचा. सूर्यकिरणांतील अतिनील भागाच्या साहाय्याने सरडगुहिऱ्याच्या त्वचेत ड जीवनसत्त्व तयार होते व त्यायोगे अन्नातील कॅल्शियम शरीराला लाभते. २००३ साली गॅरी फर्ग्युसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मादागास्करच्या एका जातीवरील अभ्यासात दाखविले की, ड जीवनसत्त्व कमी पडलेले प्राणी आपणहून अतिनील प्रकाशात अधिक काळ बसतात. पिंजऱ्यात ही निवड त्यांच्या हाती राहत नाही. खिडकीची साधी काच हे उपयुक्त किरण अडविते; म्हणून काचेतून येणारे ऊन पुरेसे ठरत नाही, आणि खास दिवा लावावा लागतो. हा दिवा वर्षभरात निकामी होतो, जरी डोळ्यांना तो प्रकाशमान दिसला तरी. उलटपक्षी, अतितीव्र किंवा फार जवळ बसविलेल्या दिव्याने डोळा भाजल्यासारखा होतो. नवा दिवा लावल्यावर दोनचार दिवसांत दोन्ही डोळे मिटू लागले, तर प्रथम दिव्यावर संशय घ्यावा आणि तो बदलावा.

तिसरा प्रश्न अ जीवनसत्त्वाचा. माणसात याच्या अभावी रातांधळेपणा येतो व डोळे कोरडे पडतात, हे सर्वश्रुत आहे. सरडगुहिऱ्यात या अभावामुळे डोळ्यांभोवतीच्या ग्रंथींचे नाजूक आवरण कातडीसारखे जाड होते, त्यांच्या नलिका तुंबतात आणि पापण्या सुजतात. बाजारात मिळणाऱ्या रातकिड्यांत व अळ्यांत हे जीवनसत्त्व अत्यल्प असते. रानात हा प्राणी नाना प्रकारचे कीटक खातो. पिंजऱ्यात मात्र त्याला वर्षभर एकच खाद्य मिळते. म्हणून कीटकांना आधी एकदोन दिवस पालेभाज्या, गाजर असे सकस खाद्य देऊन मगच ते प्राण्यापुढे सोडण्याची पद्धत आहे. त्यांवर कॅल्शियमची पूड नेहमी, तर जीवनसत्त्वांची पूड महिन्यातून दोनदा भुरभुरावी. येथे अतिरेकही तितकाच घातक असतो. अ जीवनसत्त्व शरीरात साठून राहते आणि त्याच्या अतिमात्रेने विषबाधा होते. त्यामुळे सुईवाटे ते देण्याचा निर्णय पशुवैद्यावरच सोपवावा.

या तिन्ही गोष्टी ठीक असूनही डोळ्याला सूज राहिली, तर जंतुसंसर्गाचा विचार करावा लागतो. वरच्या जबड्यातील संसर्ग डोळ्याच्या खोबणीपर्यंत पोहोचू शकतो. सरपटणाऱ्या प्राण्यांत पू पातळ नसतो. तो पनीरासारखा घट्ट होतो. तो नुसत्या थेंबांनी वाहून जात नाही, शस्त्रक्रियेने काढावा लागतो. घरातील औषधाच्या कपाटात सापडलेले माणसाच्या डोळ्यांचे थेंब तर कदापि घालू नयेत. त्यांत स्टेरॉइड असल्यास आणि डोळ्याच्या पारदर्शक पडद्यावर जखम असल्यास डोळा कायमचा जाण्याचा धोका असतो.

डोळे उघडे, पण भूक नाही

कधी डोळे स्वच्छ व सतेज असतात, तरीही प्राणी खात नाही. अशा वेळी प्रथम उष्णतामापक पाहावा. सरडगुहिऱ्याच्या शरीराचे तापमान भोवतालावर अवलंबून असते. पुरेशी ऊब नसेल तर पोटातील अन्न पचत नाही आणि पुढचे अन्न तो नाकारतो. येमेनी जातीच्या प्रौढ नराला ऊन खाण्याच्या जागी सुमारे २९ ते ३२ अंश सेल्सिअस तापमान लागते. पिंजऱ्याचा उरलेला भाग त्याहून थंड असावा, म्हणजे त्याला हवी ती जागा निवडता येते.

मादीच्या बाबतीत आणखी एक कारण असते. येमेनी मादी नराशी संयोग झाला नसतानाही अंडी धरते. एका वेळी २० ते ७० अंडी होऊ शकतात. अंडी घालण्याचे दिवस जवळ आले की ती खाणे सोडते आणि अस्वस्थपणे पिंजऱ्याच्या तळाशी फिरू लागते. तिला उकरण्याजोगी ओलसर वाळू मिळाली नाही, तर अंडी पोटातच अडतात व ती दगावते. अंडी धरलेली ही मादी डोळे मिटून तळाशी निपचित पडली, तर एक दिवसही वाया घालवू नये.

जिभेचेही निरीक्षण करावे. प्राणी किड्यावर डोळे रोखतो, तोंड उघडतो, परंतु जीभ अर्ध्यावरच राहते किंवा परत आत जात नाही. हे भूक नसण्याचे चिन्ह नव्हे. त्याला खायचे असते, पण खाता येत नाही. कॅल्शियमच्या अभावाने मुडदुसासारखा विकार होऊन हाडे मऊ पडलेली व स्नायू दुबळे झालेले असतात. वाकलेले पाय आणि फांदीवरची ढिली पकड ही त्याची इतर लक्षणे होत.

यांखेरीज काही साधी कारणेही असतात. एकच खाद्य रोज मिळाल्यास हा प्राणी त्याला विटतो. नाकतोडा किंवा रेशमाची अळी दिली की पुन्हा खाऊ लागतो. सरडगुहिरा एकलकोंडा आहे. समोर दुसरा सरडगुहिरा किंवा काचेतील स्वतःचेच प्रतिबिंब सतत दिसत असेल, तर तो भयाने अन्न वर्ज्य करतो. वारंवार हाताळण्यानेही हेच घडते. न खाल्लेले रातकिडे रात्री पिंजऱ्यात राहिल्यास झोपलेल्या प्राण्याला ते चावतात, क्वचित डोळ्यांनाही. म्हणून संध्याकाळी ते काढून घ्यावेत. आणि प्रौढ प्राणी दिवसाआड खातो, हेही ध्यानात ठेवावे. एका दिवसाचा उपवास हा आजार नव्हे.

भुकेचा खरा साक्षीदार म्हणजे तराजू. दर आठवड्याला ग्रॅममध्ये वजन करून त्याची नोंद ठेवली, तर नुसत्या नजरेला न दिसणारी घट वेळीच कळते. रानात दुबळा दिसणारा प्राणी शत्रूच्या तोंडी आधी पडतो. त्यामुळे सरडगुहिरा शक्य तितका काळ आपले दुखणे लपवितो. ते उघड दिसू लागते तेव्हा ते बरेच पुढे गेलेले असते. म्हणूनच पाणी व दिवा सुधारल्यावर एकदोन दिवसांत डोळा उघडला नाही, तर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे जावे. आणि दोन्ही डोळे मिटले असतील तर तेवढीही वाट पाहू नये.

भारतातील स्थिती

भारतात या जातकुळीतील एक प्राणी आढळतो. हा भारतीय सरडगुहिरा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित असून त्याला पकडणे वा घरी ठेवणे हा गुन्हा आहे. आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या परदेशी जातींचे प्राणी बाळगणाऱ्यांवरही या कायद्याच्या २०२२ सालच्या दुरुस्तीनंतर नोंदणीचे बंधन आले आहे. येमेनी सरडगुहिरा अशाच जातींपैकी आहे. रस्त्याच्या कडेला मिटल्या डोळ्यांचा एखादा सरडगुहिरा आढळला, तर त्याला घरी नेऊन उपचार करण्याऐवजी वनखात्याला कळविणे हाच योग्य मार्ग होय. तोवर त्याला सावलीत, हवेशीर खोक्यात एका डहाळीवर ठेवावे व डहाळीच्या पानांवर पाण्याचे थोडे थेंब शिंपडावेत. तोंडात बळेच पाणी वा अन्न घालू नये, कारण ते श्वासनलिकेत जाण्याचा संभव असतो.

निरोगी सरडगुहिऱ्याला रानात दव, ऊन आणि नाना प्रकारचे कीटक आपोआप मिळतात. पिंजऱ्यात यांतील प्रत्येक गोष्ट माणसाला मोजूनमापून पुरवावी लागते, आणि एकीतही चूक झाली तर ती प्रथम डोळ्यांत उमटते. त्याचा डोळा मिटला की त्यात औषध घालण्यापूर्वी भोवताली पाहावे, हा या सर्व माहितीचा सारांश आहे.