बालीच्या कड्याखालील लाटा

कोंकणांतील पुळणीवर ज्यांचें बालपण गेलें, त्यांस लाट कशी असते हें सांगावयास नको. ती दुरून येते, हळूहळू फेंसाळते आणि पायांशीं येऊन विरून जाते. परंतु सर्वच किनारे असे सौम्य नसतात. इंडोनेशियांतील बाली बेटाच्या दक्षिण टोंकास बुकित नांवाचें द्वीपकल्प आहे. तेथें जमीन व समुद्र यांची गांठ पडते ती उभ्या कड्यांच्या पायथ्याशीं.

हें पठार चुनखडीचें आहे. प्राचीन काळीं समुद्रांत वाढलेल्या प्रवाळांचे व शिंपल्यांचे थर भूगर्भांतील हालचालींनीं वर उचलले गेले, त्याचें हें पठार बनलें. चुनखडक सच्छिद्र असल्यामुळें पावसाचें पाणी आंत मुरतें; म्हणून येथें मोठी नदी नाहीं, आणि नदी नाहीं म्हणून समुद्रांत गाळही येत नाहीं. स्वच्छ व उबदार पाणी प्रवाळांस मानवतें. त्यामुळें मृत प्रवाळांच्या कड्यासमोर जिवंत प्रवाळांचा खडक पाण्याखालीं पसरलेला आहे, आणि बुकितच्या लाटांचें सारें रहस्य या खडकांतच आहे.

या लाटा जन्मतात हजारों कोस दूर, हिंदी महासागराच्या दक्षिण भागांतील वादळांत. तेथून निघालेल्या लाटांच्या दोन शिखरांमध्यें कधीं कधीं सोळा सेकंदांचें अंतर असतें. अशी लाट सुमारें ४०० मीटर लांब असते व तिचा समूह ताशीं सुमारें ४५ किलोमीटर वेगानें पुढें सरकतो. म्हणजे ४,००० किलोमीटर येण्यास जवळ जवळ चार दिवस लागतात. मार्गांत तिला अडविणारें कांहींच नसतें. बुकितशीं आल्यावर मात्र तळ एकाएकीं उथळ होतो. लाटेचा पाय खडकाला अडखळतो, माथा पुढें झेपावतो आणि पाण्याची पोकळ नळी तयार होते. शिवाय साधारण एप्रिल ते ऑक्टोबर या कोरड्या ऋतूंत आग्नेयेकडील वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो व लाटेचा चेहरा कांहीं काळ उभा धरून ठेवतो. फळीवर उभें राहून लाटेवरून घसरत जाणें, ज्यास सर्फिंग म्हणतात, त्या खेळास याहून अनुकूल योग विरळाच.

हा खेळ मूळचा पॉलिनेशियांतील लोकांचा. बालींत तो १९३६ च्या सुमारास कुटा येथें हॉटेल काढणाऱ्या बॉब कोक या अमेरिकन गृहस्थानें आणला. परंतु बुकितच्या लाटा जगाला ठाऊक झाल्या त्या ‘मॉर्निंग ऑफ द अर्थ’ या १९७२ सालच्या ऑस्ट्रेलियन चित्रपटामुळें. त्यांत उलुवातूच्या लाटेवर रस्टी मिलर व स्टीव्ह कूनी हे दोघे दिसतात. त्यांतील कूनी तर शाळकरी वयाचा मुलगा होता! पुढें बालीचे तरुणही या विद्येंत निष्णात झाले. बालींत वाढलेला रिओ वैदा हा २०२१ मध्यें टोकियो येथें भरलेल्या ऑलिंपिकमध्यें इंडोनेशियातर्फे उतरला होता.

उलुवातू येथें सुमारें ७० मीटर उंच कड्याच्या टोंकावर हिंदूंचें प्राचीन देवालय आहे. (तेथील वानरें यात्रेकरूंचे चष्मे पळवून खाऊच्या मोबदल्यांत परत करतात. व्यवहारचातुर्य केवळ मनुष्याकडेच असतें असें नव्हे.) जवळच कड्यांतील एका गुहेंतून पायऱ्यांनीं उतरून समुद्रांत जावें लागतें. जाणें सोपें, येणें कठीण. प्रवाह माणसास गुहेच्या तोंडापुढून वाहून नेतो. म्हणून परततांना गुहेकडे नेम न धरतां प्रवाहाच्या वरच्या बाजूस धरावा लागतो. नेम चुकला तर पुन्हां बाहेर जाऊन मोठा वळसा घालावा लागतो, आणि थकलेल्या माणसास तो वळसा जिवावरचा ठरूं शकतो. ओहोटीस तर खडकावर जेमतेम हातभर पाणी उरतें. तेथें पडणारा प्रवाळानें सोलून निघतो. तेव्हां येथें येणारा शहाणा माणूस प्रथम कड्यावर बसून लाटा व भरतीचें वेळापत्रक पाहतो. फळी मागाहून उचलतो.

सर्वजण अर्थात् लाटांसाठीं येत नाहींत. पाडांग पाडांग येथें खडकांतील अरुंद चिरेंतून उतरल्यावर पांढऱ्या वाळूचा लहानसा पट्टा लागतो. थंड देशांतील लोक तेथें तासन्‌ तास ऊन्ह खात पडलेले असतात. आपल्याकडील मनुष्य सावली शोधतो व हे ऊन्ह शोधतात, याचें प्रथम हंसूं येतें. परंतु ज्यांच्या देशीं महिनेच्या महिने सूर्य झांकलेला असतो, त्यांस तें सुख कसें वाटत असेल हेंही समजून घ्यावें. बाली विषुववृत्ताच्या दक्षिणेस जेमतेम नऊ अंशांवर असल्यामुळें फेब्रुवारीच्या अखेरीस व ऑक्टोबरच्या मध्यास सूर्य माध्यान्हीं अगदीं डोक्यावर येतो. समुद्रावरील वाऱ्यानें अंग गार वाटतें, पण अतिनील किरण आपलें काम थांबवीत नाहींत. वाळूवरून परावर्तित होऊनही ते त्वचेवर येतात. भाजल्याची जाणीव सायंकाळीं होते. सकाळीं कडाच पश्चिमाभिमुख किनाऱ्यावर सावली धरतो, त्या वेळीं बसणें हितकर. मात्र कड्याच्या अगदीं तळाशीं टेकूं नये, कारण लाटांनीं पोखरलेल्या चुनखडकांतून दगड निखळतात.

हाच कडा आतां माणसांच्या वजनाखालीं आला आहे. जेथें पूर्वीं कोळ्यांच्या व समुद्रशेवाळ पिकविणाऱ्यांच्या झोंपड्या होत्या, तेथें हॉटेलें कड्यास बिलगून उभीं राहिलीं. जुलै २०२५ मध्यें सरकारनें बिंगिन येथील कड्यावरचीं बेकायदा बांधकामें पाडण्यास आरंभ केला, तेव्हां त्यांवर पोट असलेल्या स्थानिक लोकांनीं अश्रू ढाळले. त्यांतील कित्येकांनीं पहिल्या फळीवाल्या पाहुण्यांस आपल्या घरांत भात वाढला होता.