खाते नाही, तरी पत्र वाचता येते



गेल्या महिन्यात वरणगावच्या एक सभासद भगिनी आमच्याकडे आल्या. पदराच्या गाठीत पेनड्राइव्ह बांधलेला. यजमान दोन वर्षांपूर्वी वारले. ठिबकचे कर्ज पूर्ण फिटल्याचे बँकेचे पत्र त्यांना ई-मेलने आले होते, आणि सातबाऱ्यावरचा बोजा उतरविण्यासाठी आता तेच हवे होते. पासवर्ड यजमानांबरोबर गेला. पुतण्याने मात्र त्यांच्या हयातीतच ती पत्रे पेनड्राइव्हवर उतरवून ठेवली होती. बाजारात एका दुकानात विचारले, तर उत्तर मिळाले, "काकू, खातं जोडल्याशिवाय काही दिसणार नाही."

हा गैरसमज पुष्कळांचा आहे, म्हणून हे चार शब्द. घरी आलेले आंतरदेशीय पत्र आपण ट्रंकेत ठेवतो. ते पुन्हा वाचायला पोस्टात खाते लागते काय? जतन केलेल्या ई-मेलचेही तसेच आहे. पत्र आपल्या हाती आहे. त्याला ना खाते लागते, ना इंटरनेट.

प्रथम फाइलच्या नावाचे शेपूट पाहावे. '.ईएमएल' असेल तर ते एकच पत्र, साध्या मजकुराचे. ई-मेलच्या मजकुराची ठेवण १९८२ साली ठरली, ती मुख्यतः इंग्रजी अक्षरांसाठी. इतर लिप्या व सोबतच्या फाइली जोडण्याची सोय १९९२ साली झाली. त्यामुळे अशी फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर पाठविणारा आणि तारीख वाचता येते, टपालाच्या शिक्क्यांसारख्या प्रवासाच्या नोंदीही दिसतात. पण मराठी मजकूर आणि जोडपत्र म्हणजे नुसता अक्षरांचा भुसा दिसतो. घाबरू नये, पत्र बिघडलेले नसते.

ते नीट पाहण्यासाठी 'थंडरबर्ड' हा मोफत प्रोग्राम संगणकावर एकदा घालून घ्यावा. सुरू होताच तो खात्याची माहिती मागतो. तिथेच लोक अडतात. तो फॉर्म रद्द करावा, आणि फाइलच्या यादीतून 'ओपन', मग 'सेव्हड मेसेज' निवडून आपले पत्र दाखवावे. इंटरनेट बंद असले तरी चालते.

'.एमबॉक्स' म्हणजे अनेक पत्रांची एकच मोट. 'गूगल टेकआउट'मधून पत्रे उतरविली की ती याच रूपात मिळतात. तिच्यासाठी थंडरबर्डला एक जोड-प्रोग्राम लावावा लागतो. '.एमएसजी' आणि '.पीएसटी' या आउटलुकच्या फाइली. त्या थंडरबर्डमध्ये थेट उघडत नाहीत, तेव्हा आउटलुक असलेल्या संगणकावर पाहाव्यात.

आता दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. एक, "फाइल इथे चढवा, लगेच उघडून देतो" म्हणणाऱ्या अनोळखी संकेतस्थळांवर बँकेची पत्रे चढवू नका. आपली काटा पावती आपण परक्याच्या हाती देतो का? दुसरी, मूळ फाइलला हात लावू नका. तिची नक्कल करून नक्कलच उघडा. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीला कायद्याची मान्यता आहे. पण कोर्टात नुसती छापील प्रत पुरत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे सोबत प्रमाणपत्र द्यावे लागते, आणि त्यात मूळ फाइलची संगणकीय ओळख नोंदवावी लागते. फाइलमध्ये एक अक्षर बदलले तरी ती ओळख बदलते.

त्या भगिनींचे पत्र आमच्यासमोर पाच मिनिटांत उघडले. सोबतचा दाखलाही निघाला. बँकेने तो आपल्या दप्तराशी ताडून पाहिला आणि बोजा कमी करण्याचे पत्र दिले. अर्ज दाखल झाला. जाताना त्या म्हणाल्या, "भाऊ, त्यांचं शेवटचं पत्र पण आहे का हो त्यात?" होते. मुलाला लिहिलेले, उसाच्या लागणीविषयी. तेही छापून दिले.

आपली मुले आयुध निर्माणीत, भुसावळच्या रेल्वेत, पुण्या-मुंबईला आहेत. घरची निम्मी टपाल आता ई-मेलनेच येते. गूगलच्या नियमानुसार दोन वर्षे न वापरलेले व्यक्तिगत खाते काढून टाकले जाऊ शकते. डिसेंबर २०२३ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. तेव्हा कर्जाची, विम्याची, अनुदानाची पत्रे आजच उतरवून दोन ठिकाणी ठेवा, आणि कुठे ठेवली ते घरच्या लक्ष्मीला सांगून ठेवा. पाऊस येण्याआधी घर शाकारलेले बरे!